देवराईतल्या पडलेल्या ऐनात कार्बन किती?

प्रश्न : आमच्या देवराईत मागच्या पावसाळ्यात ऐनाचं मोठं झाड पडलं. देवाचं लाकूड म्हणून कोणी हात लावत नाही, तसंच पडून आहे. मुलगा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिथला कार्बन मोजतोय, पण त्याला सांगितलंय की फक्त उभी जिवंत झाडं धर. मग पडलेल्यांचं काय?
— एक वाचक, भोर तालुका

उत्तर : धरायलाच हवं! आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या) पद्धतीत जंगलातल्या कार्बनचे पाच साठे मोजतात, त्यात मेलेलं लाकूड हा वेगळा साठा आहे. जगभरच्या जंगलांचा हिशोब २०११ साली मांडला गेला तेव्हा त्याचा वाटा साधारण ८ टक्के निघाला. आपल्याकडे बरंचसं सरपणाला जातं, म्हणून तर देवराईतलं मोजणं मोलाचं.

१०० मीटरची दोरी सरळ ताणा, १० सेंमी किंवा त्याहून जाड जे जे ओंडके दोरीखाली येतील त्यांचा दोरी ओलांडते तिथलाच व्यास घ्या, सगळ्या व्यासांचे वर्ग करून बेरीज, तिला १.२३४ ने गुणायचं आणि दोरीच्या लांबीने भागायचं, की हेक्टरी घनमीटर मिळाले. समजा १२, २०, ३० सेंमीचे तीन ओंडके आले तर वर्गांची बेरीज १४४४, म्हणजे हेक्टरी १७.८ घनमीटर. एका दोरीवर भागत नाही हं, वेगवेगळ्या दिशांना बऱ्याच लावा, आणि उतारावर दोरीची लांबी आडव्या पातळीत मोजून धरा, उताराच्या अंगाने नाही.

खरी गंमत पुढे आहे. ओंडक्यात सुरी खुपसून बघा. टणक असेल तर टोक जेमतेम शिरतं, कुजलेल्यात पातं मुठीपर्यंत जातं आणि बाहेर काढलं की ओला तपकिरी भुसा चिकटून येतो. दोन्ही ओंडके दिसायला सारखेच जाड, पण घनता घनमीटरला ५०० किलोवरून २५० वर आली असेल तर वरच्या उदाहरणातल्या १७.८ घनमीटर लाकडातला कार्बन ४.२ टनांवरून २.१ टन होतो (कोरड्या वजनाच्या ४७ टक्के धरून). म्हणून प्रत्येक ओंडक्याचा कुजण्याचा टप्पा लिहाच, आणि टप्प्यागणिक एखादा तुकडा आधी आकारमान मोजून मग ओव्हनमध्ये १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा; त्या वजनाला आकारमानाने भागलं की घनता मिळते. वाळवीने आतून पोकळ केलेला भाग वजा करायला विसरू नका.

देवराईत करवत मात्र चालवू नका, गावाला विचारून आपोआप सुटलेले तुकडेच घ्या. आणि त्या ऐनाला नंबराचा पत्रा ठोकून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच जागी परत सुरी लावता येईल.