कागद अडकलाय, आणि त्याच्यासोबत मीही

"राजीनामा देऊन बसलेय आणि व्हिसाचा पत्ता नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. लोकांना काय सांगू?"

थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला रत्नागिरीत समुपदेशनाचं काम करताना वारंवार ऐकायला मिळतो. पूर्वी तो नर्सिंग केलेल्या मुली विचारायच्या, जहाजावर जाणारी मुलं विचारायची. अलीकडे शिक्षिका विचारतात. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं काढलेल्या, बी.एड. झालेल्या, इंग्रजी माध्यमात शिकवलेल्या या बायका आता आखातातल्या भारतीय शाळांना अर्ज करतात. मुलाखत घरी बसून मोबाइलवर होते, निवडही होते. घोडं अडतं ते त्यानंतर.

त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. विद्यार्थी तिला बाई म्हणतात, मीही इथे बाईच म्हणते.

बाई राजापूर तालुक्यातल्या, गणित शिकवणाऱ्या. जानेवारीत दुबईतल्या एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेचं नेमणूकपत्र आलं. तिथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून बाईंनी घाईने इथला राजीनामा दिला. माझ्याकडे आल्या तेव्हा शिमगा तोंडावर आला होता आणि परदेशात पदवी मान्य व्हावी म्हणून तिच्यावर जे सरकारी शिक्के लागतात, त्यातला एकही अजून बसला नव्हता. दोन आठवड्यांपासून त्या बाजारात गेल्या नव्हत्या. "कदी जातेस गो?" हा प्रश्न नको म्हणून. पालखी दारात येईल तेव्हा सगळी वाडी अंगणात असणार, या विचाराने त्यांच्या पोटात गोळा येत होता. आमच्याकडे पालखीच्या दिवशी मुंबईकर चाकरमानीसुद्धा घरी येतो. त्या दिवशी घरात लपून बसावंसं वाटणं म्हणजे माणूस किती आतून मिटलं असेल, हे कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

पहिल्याच भेटीत त्यांनी स्वतःबद्दल बोलण्याआधी फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली. समुपदेशनात असं झालं की मी फाइल बाजूला सारत नाही. ज्याचा जीव फाइलमध्ये अडकलाय, त्याच्याशी बोलणं फाइलमधूनच सुरू करावं लागतं. सगळ्यात वर बी.एस्सी.चं पदवी प्रमाणपत्र होतं, जाड लॅमिनेशन केलेलं. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या कागदांनाही बुरशी धरते, म्हणून वडिलांनी निकालाच्या वर्षीच ते करून आणलं होतं. कडेला हवेचे दोन-तीन बुडबुडे राहिलेले. परदेशासाठीचे शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर बसतात, आणि प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. बाईंना हे मुंबईत खिडकीपाशी उभ्या असताना कळलं. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून, पहाटे सीएसएमटीला उतरून, मंत्रालयाच्या रांगेत उभं राहून. "वडिलांचा राग आला ताई, आणि मग राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली," त्या म्हणाल्या. वडील आता हयात नाहीत.

दुसरा गुंता नावाचा. बी.एस्सी. माहेरच्या नावाने, बी.एड. लग्नानंतरचं म्हणून सासरच्या नावाने, पासपोर्टही सासरच्या नावाने. शाळेच्या मनुष्यबळ विभागाने दोन ओळींचं ईमेल पाठवलं होतं, की नावांत तफावत आहे, खुलासा करा. बाईंनी ते ईमेल इतक्या वेळा वाचलं होतं की त्यातला 'खुलासा' त्यांना 'आरोप' वाटू लागला होता. "त्यांना वाटत असेल पदवी माझी नाहीच."

कागदपत्रं रखडली की चिंता कशी काम करते, ते इथे नीट दिसतं. कार्यालयाने कागदाबद्दल प्रश्न विचारलेला असतो, माणूस तो स्वतःबद्दल ऐकतं. शिक्का बसला नाही, म्हणजे मी कमी पडले. उत्तर आलं नाही, म्हणजे त्यांना मी नकोय. त्यात बाईंची एक जुनी सहकारी मस्कतला गेली होती, आणि तिचं काम लवकर उरकलं होतं. ही तुलना बाईंना सगळ्यात जास्त खात होती. "तिचं झालं, माझंच का नाही?"

याचं उत्तर बाईंच्या नशिबात नव्हतं, दोन देशांच्या नियमांत होतं. परदेशी कागद मान्य करण्यासाठी अपोस्टिल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात २००५ पासून आहे, मस्कत ज्या देशात आहे तो ओमानही आहे. अशा देशासाठी राज्य सरकारची पडताळणी झाली, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल स्टिकर लागलं, की शिक्क्यांची साखळी संपते. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाहीत. म्हणून दुबईसाठी मंत्रालय, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातींची वकिलात, आणि तिथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, एवढे टप्पे. मैत्रिणीचा रस्ताच आखूड होता. हे कळल्यावर बाई बराच वेळ गप्प बसल्या, आणि मग म्हणाल्या, "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?" धीर दे, श्वास मोज, असं मी त्या दिवशी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त माहिती तिच्या जागी ठेवली होती. काही वेळा तेवढ्याने छातीवरचा दगड हलतो.

पुढच्या भेटीत आम्ही एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. पहिला, माझ्या हातात काय आहे. दुसरा, दुसऱ्याच्या टेबलावर काय आहे. तिसरा, मला माहीतच नाही असं काय आहे. बाईंना वाटत होतं दुसरा रकाना भरभरून वाहील. भरला तिसरा. लॅमिनेशन काढता येतं का? नावाच्या फरकासाठी नक्की कोणता पुरावा चालेल? उशीर झाला तर शाळा जागा ठेवेल का? हा शेवटचा प्रश्न विचारायची त्यांची हिंमतच होत नव्हती, कारण 'नाही' असं उत्तर आलं तर? पण न विचारल्यामुळे ते 'नाही' रोज रात्री तीन वाजता येतच होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे कुणाला विचारायचं ते लिहू या. आम्ही दोघींनी मिळून ईमेलचा मसुदा केला. विनवणी नको, माफी नको, तीन मुद्दे आणि एक विनंती.

उत्तर आलं. नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला शिक्क्यांसह, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. जागेबद्दलही आलं. एप्रिलमध्ये जमलं नाही तर उन्हाळी सुट्टीनंतर, ऑगस्टअखेर रुजू होता येईल.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण लॅमिनेशन मुंबईत एका जाणकार कारागिराकडून जपून काढून घेतलं, पदवी मार्गी लागली, आणि विवाहाचा दाखला परत आला. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, पासपोर्टवर वेगळं. त्या संध्याकाळी बाईंचा फोन आला तो नुसता रडण्याचा. मी ऐकून घेतलं. अशा वेळी उपाय सुचवायला गेलं की माणसाला वाटतं, हिलाही माझं रडणं लवकर आटपायचंय.

बाईंच्या यजमानांना मी मुद्दाम बोलावलं. आंब्याचा हंगाम सुरू होता, कलमांवरची उतरणी सोडून ते आले, हातापायांना अजून चीक लागलेला. बाईंची तक्रार होती की "यांना काही पडलेलं नाही, सारखं सोडून दे म्हणतात." ते म्हणाले, "मॅडम, हिचा त्रास बघवत नाही म्हणून म्हणतो. इथे काय उपाशी आहोत का आपण?" धीर द्यायला उच्चारलेलं हे वाक्य बाईंपर्यंत 'तुझ्याने होणार नाही' असं पोहोचत होतं. घराघरांत हे असंच होतं, आणि यात कुणीही वाईट नसतं. मी त्यांना विचारलं, "यातलं एखादं काम तुम्ही घेऊ शकता का?" ते लगेच म्हणाले, "ग्रामसेवक माझ्या ओळखीचा आहे, दाखल्याची दुरुस्ती माझ्याकडे." बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून, "अहो, पण तुमचा आंबा?" असं विचारलं. त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही.

ईमेल आणि कुरिअर तपासण्याचं एक वेळापत्रक आम्ही ठरवलं. बाई आधी रात्री-अपरात्री फोन उघडायच्या. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. २०२२ पासून तिथली सरकारी कार्यालयं शुक्रवारी दुपारी बंद होतात, शनिवार-रविवार सुट्टी. रमजानमध्ये कामाचे तास आणखी कमी. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेल्या ईमेलवर सोमवारपर्यंत काहीच येणार नाही हे ठरलेलं, आणि बाईंच्या सगळ्यात वाईट रात्री नेमक्या त्याच. हा रमजानचा मुद्दा त्यांना शेजारच्या चाचींनी समजावला. चाचींच्या घरातले पुरुष दोन पिढ्या गल्फला आहेत. आपल्या किनाऱ्यावर अशी घरं गावोगाव सापडतील. चाचींनी आणखी एक केलं. स्वतःच्या नवऱ्याचं पहिलं जाणं कसं रखडलं होतं ते सांगितलं. आपल्या आधी कुणीतरी याच रांगेत ताटकळलं आहे, हे ऐकण्याचं बळ माझ्या कुठल्याही तंत्रात नाही, असं मी मनापासून म्हणते.

बघायचं दिवसातून दोनदा, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच. एरवी फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर. पहिले काही दिवस कठीण गेले, मग झोप थोडी सुधारली. राहिलेल्या वेळात वाडीतल्या नववी-दहावीच्या मुलांना ओसरीवर गणित शिकवायला सुरुवात केली. शिक्षिकेकडून वर्ग काढून घेतला की तिची जमीनच सरकते. रोज तासभर का होईना, ती त्यांना परत मिळाली.

याच काळात एकाने "आतून काम करून देतो" म्हणून मोठी रक्कम मागितली होती. बाई द्यायला तयार होत्या. हताश माणूस पैसे देऊन अनिश्चितता संपवायला बघतो, म्हणून ही माहिती इथे देते. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला भारत सरकारची नोंदणी लागते आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यासाठी नेमलेल्या एजन्सी वेगळ्या, त्यांचे दर ठरलेले, पावती मिळते. आणि अमिरातींच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नसतो. बाईंनी शाळेला विचारलं, अशा कुठल्याही माणसाशी शाळेचा संबंध नव्हता.

ज्या अजून या वाटेच्या सुरुवातीला आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्रवेश परवाना, म्हणजे तिथे जाण्याचा व्हिसा, हातात पडेपर्यंत इथला राजीनामा देऊ नका. मूळ कागद लॅमिनेट करू नका, केले असतील तर आजच चौकशी करा. सगळ्या कागदांवरची नावं आणि स्पेलिंग अर्ज करण्याआधी एका कागदावर एकाखाली एक लिहून ताडून बघा. आणि लोकांना काय सांगायचं याचं एक वाक्य आधीच ठरवून ठेवा. बाईंचं होतं, "शिक्क्यांचं काम चालू आहे, झालं की मीच सांगेन." पालखीच्या दिवशी त्या अंगणात होत्या. हे वाक्य त्यांनी किती जणांना सांगितलं असेल कुणास ठाऊक, पण लपल्या नाहीत.

झोप सलग काही आठवडे उडाली, जेवण तुटलं, "मी नसते तर बरं" असं मनात येऊ लागलं, तर मात्र व्हिसा येईपर्यंत थांबू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र सुरू असते, मराठीत बोलता येतं.

बाई ऑगस्टच्या शेवटी गेल्या. तिथे उतरल्यावर वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र, असे आणखी कागद होतेच, ते त्यांनी एकटीने केले. मुलगा सध्या आजीकडे आहे. त्याच्या व्हिसासाठी जन्मदाखल्यावर शिक्के घ्यायचं काम यजमानांनी अंगावर घेतलंय. मुलाला इथे ठेवून गेल्याचं मात्र बाईंना फार लागतं आहे. तो वेगळा विषय आहे, आणि त्यावर आम्ही दोघी आता फोनवरून काम करतो आहोत.