देवगडच्या शाळेला ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’मध्ये, म्हणजे शाळकरी मुलांना स्वस्त लॅपटॉप पुरवण्याच्या योजनेत, थेट भाग घेता आला असता का?

नाही हो. योजनावाल्यांचा व्यवहार मुख्यतः सरकारांशी असायचा. शिक्षण खात्याने घाऊक ऑर्डर द्यायची, पैसे मोजायचे, वाटप आपलं आपण करायचं. सुरुवातीला तर दहा-दहा लाख लॅपटॉप घ्यायची बोली होती. पुढे अट सैल झाली. उरुग्वेने २००७ मध्ये हात घातला आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना लॅपटॉप देऊन झाले. गाजावाजा शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा, पडला दोनशेच्या आसपास!

दिल्लीने २००६ मध्येच नकार दिला. तरी आपल्या रायगडात, खैराटच्या छोट्या शाळेत, २००७ साली प्रयोग झालाच. हिरवा-पांढरा डबा, रबरी कळफलक, भर उन्हातही वाचता येणारा पडदा. खळ्यात बसून वापरण्याजोगा. आषाढात वीज गेली की चार्जिंगचं काय, ते मात्र ज्याचं त्याने बघायचं.