गाडी कधी चालू होते, कधी होत नाही. बॅटरी नवीन टाकूनही तेच. दोष शोधायचा कसा?

तुमची गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, नाशिक रोडहून सिन्नरला रोजचं जाणं-येणं आहे. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, पण परतीच्या वाटेवर शिंदे गावाजवळ चहाला थांबलात की आठ-दहा दिवसांतून एकदा अडून बसते आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू होते. बॅटरी बदलून झाली. गॅरेजवाले म्हणतात, ‘आमच्याकडे तर चालू होतेय.’

एवढं सगळं तुम्ही नीट लिहिलंत, पण ज्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे ते राहिलं. चावी फिरवल्यावर सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटार, फिरतो का? ‘गाडी चालू होत नाही’ या एका वाक्यात दोन वेगळे आजार आहेत. एकात सेल्फच फिरत नाही, नुसतं ‘टक’ होतं किंवा तेही नाही. दुसऱ्यात सेल्फ चांगला घरघर फिरतो, पण इंजिन पकड घेत नाही. या दोन्हींचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नाही. पहिल्यात पेट्रोल पंप बदलून उपयोग नाही, दुसऱ्यात बॅटरी बदलून नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मोटार, केबल, सैल सांधे हे माझं रोजचं काम आहे. तरीही स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी तुमच्यासारखाच फसलो होतो, म्हणून ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो होतो. नांदुरीचा घाट चढून वर पोहोचलो. दोघांना ट्रॉलीजवळ उतरवण्यासाठी गाडी बंद केली, पिशव्या काढून दिल्या आणि गाडी पार्किंगला लावायला चावी फिरवली, तर नुसतं ‘टक’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक’. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. शहात्तर वर्षांचे वडील परत आले आणि धक्का मारायला मागे उभे राहिले. ते दृश्य मला आजही टोचतं. आणखी दोघंजण धावून आले, गाडी कडेला घेतली. दर्शन करून आलो तर पहिल्याच सेल्फला चालू.

खाली आल्यावर बॅटरी बदलली. पंधरा दिवसांनी मुंबई नाक्याजवळ पेट्रोल भरलं आणि पंपावरच अडली. मग सेल्फ उतरवून कार्बन ब्रश (सेल्फच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) आणि सोलेनॉइड (चावी फिरवली की सेल्फला मोठा करंट सोडणारा चुंबकी स्विच) नवीन टाकून घेतलं. तीन आठवडे बरे गेले आणि पुन्हा तेच. तेव्हा मात्र स्वतःची लाज वाटली. कारखान्यात एखादी मोटार चालत नसेल तर मी आधी मीटर लावतो, सुटे भाग आणायला पळत नाही. घरच्या गाडीला मात्र मी दोन भाग बदलले होते आणि मीटर एकदाही लावला नव्हता.

पुढच्या वेळी अडली तेव्हा मीटर गाडीतच होता. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरलं आणि मुलाला चावी फिरवायला सांगितली. तिथे ०.२, फार तर ०.३ व्होल्टच्या वर काही दिसायला नको. मला १.९ दिसले. म्हणजे इंजिन आणि बॅटरी यांच्यामधल्या अर्थिंगच्या, करंट बॅटरीकडे परत जाण्याच्या, वाटेतच जवळजवळ दोन व्होल्ट खर्च होत होते. गिअरबॉक्सवर जिथे अर्थिंगचा पट्टा बसतो तो बोल्ट खोलला. खाली गंज होता आणि त्यावर ग्रीसचा थर. फेब्रुवारीत क्लचचं काम केलं होतं, तेव्हा पट्टा काढून न घासताच परत बसवला गेला होता. पॉलिश पेपरने धातू चकचकीत केला, पट्टा नवीन टाकला. त्यानंतर दोन पावसाळे गेले, गाडी एकदाही अडलेली नाही.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न: हे सुरू होण्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत गाडीचं काय काम झालं? क्लच, गिअरबॉक्स, म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक, अलार्म, काहीही. आणि हे नवीन बॅटरीनंतर वाढलं का? बॅटरीचे क्लॅम्प हाताने पिळून बघा. जरा जरी हलले तरी ते सैल आहेत.

गरम गाडीच का अडते, हेही समजून घ्या, म्हणजे शोधायला दिशा मिळेल. तांब्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, दर अंश सेल्सियसला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. इंजिनला चिकटून बसलेला सेल्फ साठ अंशांनी तापला तर त्याच्या गुंडाळीचा रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो. सोलेनॉइडची ओढ कमी होते. सकाळी थंड असताना जो सांधा कसाबसा निभावतो, तो संध्याकाळी निभावत नाही. त्यात सेल्फ दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. सांध्यात एक शतांश ओहम एवढाच रोध असला तरी तिथे दीड व्होल्ट जातात. दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअर घेतात, त्यांचा त्याच सांध्यात जेमतेम एक दशांश व्होल्ट जातो, उजेडात फरक जाणवत नाही. ‘लाइट तर चांगले लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे’ हे म्हणूनच चुकतं. इंजिनच्या अर्थिंगचा पट्टा खराब असेल तर लाइटला त्याचं काहीच कळत नाही, कारण त्यांची अर्थिंग थेट बॉडीवरून परत जाते.

आता अडेल तेव्हा काय करायचं. गाडी अडली की आपण घाबरून दहा वेळा चावी फिरवतो आणि तेवढ्यात ती चालू होते, पुरावा जातो. तसं करू नका. ती अडलेली पाच मिनिटंच काय ती तुमच्या हाती आहेत.

न्यूट्रल, हँडब्रेक, हेडलाइट सुरू. एकदाच चावी फिरवा आणि समोरच्या भिंतीवरचा किंवा गाडीवरचा उजेड बघा. उजेड एकदम मंदावला, ‘टकटकटकटक’ असा आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. उजेड जवळजवळ तसाच राहिला आणि एकच दणदणीत ‘टक’ आलं, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, कार्बन ब्रश, सेल्फची जाड केबल किंवा अर्थिंग. उजेड तसाच आणि आवाजच नाही, तर सोलेनॉइडपर्यंत करंटच पोहोचत नाही: इग्निशन स्विच (चावीचा स्विच), सेल्फचा रिले (फ्यूज बॉक्समधला छोटा विजेवर चालणारा स्विच), काही गाड्यांत क्लच पेडलचा स्विच. क्लच पूर्ण दाबून बघा. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, बऱ्याचदा हॉर्नचा असतो, तर अदलाबदल करून बघा.

‘टक’ येत असेल तर जंपर केबलची (एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी चालू करायच्या जाड वायरची) एकच वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, उदाहरणार्थ इंजिन उचलण्याच्या हुकाला. पॉझिटिव्हला हात लावायचा नाही. आता चावी फिरवा. सेल्फ फिरला तर अर्थिंगचा दोष पकडला गेला, एक रुपया न घालवता. नाही फिरला तर कोणाला तरी चावी धरून ठेवायला सांगून सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरला तर ब्रश किंवा सोलेनॉइड संपत आलंय. पान्याचं टोक सेल्फच्या जाड टर्मिनलला लागू देऊ नका, थेट शॉर्ट होईल. हात पंख्यापासून आणि इंजिनच्या फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा. गरम इंजिनचा पंखा चावी बंद असतानाही फिरू शकतो.

मल्टीमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो, तो आणि जंपर केबल डिकीत टाकाच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. एक विनंती, अल्टरनेटर तपासायला म्हणून चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढणारे फिटर अजून आहेत. ते करू देऊ नका. व्होल्टेज उसळतं आणि गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो.

तुमच्याकडे सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही असं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. तेव्हा आरपीएमचा काटा बघा. सेल्फ फिरत असताना तो किंचितही हलत नसेल तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर. गरम झाला की सिग्नल बंद, पंधरा-वीस मिनिटांनी थंड झाला की पुन्हा सुरू. तुमच्या वर्णनाशी हे फार जुळतं. गॅरेजच्या स्कॅनरवर पी ०३३५ हा क्रँक सेन्सरचा दोष-कोड सापडला तर शंका आणखी पक्की होते, आणि इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी कोड साठवलेला असू शकतो. काटा हलत असेल तर चावी ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या, पंप दोन सेकंद गुणगुणला पाहिजे. डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा), दुसरी चावी लावून बघा.

गाडीला सीएनजी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हे महत्त्वाचं आहे. बहुतेक सीएनजी गाड्या चालू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. आपल्याकडे पेट्रोलचा काटा कायम तळाला ठेवायची सवय आहे. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, कोरडा राहिला की लवकर जातो. किमान पाव टाकी पेट्रोल ठेवा.

गॅरेजवाल्यावर रागावू नका. जो दोष समोर नाही तो त्यालाही दिसणार नाही. तो समोरच्या सीटवर बसू शकत नाही, पण तुमचा फोन बसू शकतो: अडेल तेव्हा डॅशबोर्डचा आणि आवाजाचा व्हिडिओ काढा, तारीख, किती किलोमीटर चालून थांबलात आणि किती मिनिटांनी चालू झाली ते लिहून ठेवा. गाडी न्यायची तर सिन्नरहून आल्या-आल्या, गरम असतानाच न्या आणि ‘सेल्फ मारताना अर्थिंगला आणि पॉझिटिव्ह केबलला किती व्होल्ट पडतात ते मीटरवर दाखवा’ एवढं सांगा. पॉझिटिव्ह केबलवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर तीही संशयित. त्या तपासणीचे पैसे आनंदाने द्या, भाग बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतात.

पुढच्या वेळी अडली की सेल्फ फिरला का, उजेड मंदावला का आणि जंपरने काय झालं हे तीन लिहा. सेल्फ फिरत नसेल तर मी आधी अर्थिंगच्या पट्ट्याकडे बघेन.