महागडी पॉवर केबल लावल्याने होम ऑडिओ स्पीकरचा आवाज खरंच सुधारतो का?

नाही. पैसे वाचवा.

आता हे एवढं ठासून का सांगतोय, तर आमचे साडूभाऊ. पुण्याला असतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाडीला फैजपूरला येतात आणि माझं घर तिथेच, म्हणून आमरस-मांडे हाणून दुपारी माझ्याकडे गाणी ऐकायला. गेल्या साली येताना मनगटाएवढी जाड, विणलेलं जाळीदार कव्हर असलेली वायर घेऊन आले, किंमत चौदा हजार. अँपला, म्हणजे अँप्लिफायरला लावली अन् म्हणाले, भो, बेस बघ किती टाइट झाला! मी म्हटलं मला तर काही वाटत नाही, तर सगळ्यांसमोर म्हणे तुझे कान केळीच्या बागेतले.

मला लागलं ते. पोरीला अँपमागे बसवलं, मधे सोलापुरी चादर धरली, दहा वेळा नाणं उडवून वायर बदल किंवा नुसतं काढून तीच परत लाव म्हटलं, गाणं तेच, व्हॉल्यूमला हात नाही. साडूभाऊ चार वेळा बरोबर. त्यावर म्हणे वायर अजून "मुरली" नाही. लोणचं आहे का ते?

अहो, डीपीपासून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंत अॅल्युमिनियमची तार, भिंतीत वीस वर्षांपूर्वीची वायरिंग, आणि शेवटचा दीड मीटर काय चमत्कार करणार? १.५ चौरस मिमी तांब्याची साधी वायर घेतली तर जाऊन-येऊन ०.०४ ओहमसुद्धा रेझिस्टन्स नाही. इकडे मे महिन्यात गल्लीतले कूलर लागले की २३० चे १९५ व्होल्ट होतात, त्याचं काय? आणि अँप भिंतीतला एसी करंट तसाच स्पीकरला देत नाही, आधी डीसी करतो, कपॅसिटरमधून गाळतो.

गंमत म्हणजे माझ्या सेटला घूं असा बारीक आवाज खरंच होता, अँपच्या बॉडीला हात लावला की चिणचिण पण व्हायची. चौदा हजाराच्या वायरने तो गेला नाही. वायरमन आला, म्हणे अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडलाय. दोन बादल्या पाणी ओतलं, गंजलेला नटबोल्ट बदलला. घूं बंद, चिणचिण बंद. खर्च दीडशे रुपये अन् चहा.

हां, तुमची वायर गरम होत असेल, पिन सॉकेटमध्ये ढिली बसत असेल किंवा अर्थची तिसरी पिन कोणी तोडली असेल तर बदलाच, पण आयएसआय मार्कवाली साधी घ्या. घूं फक्त टीव्ही किंवा पीसी जोडल्यावरच येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या दोन वस्तूंच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, सगळं एकाच बोर्डावर लावून बघा. आणि स्पीकर कुठला, खोली केवढी ते तुम्ही लिहिलंच नाही, स्पीकर कोपऱ्यातून फूटभर पुढे ओढले तरी फरक कळेल, फुकटात.

वायर साडूभाऊ न्यायला विसरले. फोन केला तर म्हणे राहू दे तुझ्याकडे, मुरू दे. सध्या पोरीच्या कॉम्प्युटरला लावलीय.