जिगचे रंग: सुरुवातीला तीन डब्या पुरेत

जिग म्हणजे गळावर शिसे ओतून केलेले, मासे पकडायचे कृत्रिम आमिष. ते रंगवण्यासाठी पहिल्याच खेपेला बारा रंग घेण्याचा विचार आपण कळवला आहे, तो तूर्त बाजूला ठेवावा. पांढरा, काळा आणि पोपटी एवढे तीन रंग वर्षभर पुरतात. पावसाळ्यात मामा तलावाचे (विदर्भातील जुन्या माजी मालगुजारी तलावाचे) पाणी गढूळ झाले, की मरळीसाठी छटेपेक्षा जिगची आकृती उठून दिसणे महत्त्वाचे असते, म्हणून तेव्हा काळा किंवा पोपटी वापरावा. हिवाळ्यात पाणी निवळले, की पांढरा, कारण तो लहान चंदेरी मासळीच्या पोटासारखा दिसतो. लाल रंगाचा मोह सर्वांनाच होतो (मलाही झाला होता), परंतु खोल पाण्यात तोच सर्वांत आधी काळपट पडतो.

नवखे चुकतात ते रंग निवडण्यापेक्षा लावण्यात. शिशावर थेट पोपटी लावल्यास तो मळकट दिसतो. आधी पांढऱ्याचा पातळ हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच वरचा रंग चढवावा. गळाच्या नेढ्यात शिरलेला रंग ओला असतानाच सुईने काढावा. माझे पहिले आठ जिग काठावर दोरा ओवता न आल्यामुळे कोरडेच घरी परतले. आणि शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पुडी उघडू नये.