कोंबडीला अळ्या पडल्यात, काय करू?

प्रश्न: ताई, माझ्याकडे परसात सहा कोंबड्या आहेत. त्यातली एक दोन दिवस कोपऱ्यात गप्प बसून होती, मला वाटलं खुडूक झाली असेल म्हणून मी लक्षच दिलं नाही. आज उचलली तर घाण वास आला आणि शेपटीखालची पिसं बाजूला केली तर आत अळ्या वळवळतायत. कोणी म्हणतं फिनाईल ओत, कोणी म्हणतं टर्पेंटाइन लाव. वाचेल का हो ती?

उत्तर: आधी फिनाईल, रॉकेल, टर्पेंटाइन हे सगळं लांब ठेवा. कोंबडीची कातडी फार पातळ असते, उघड्या मांसावर असलं काही ओतलं की ते भाजतं आणि अंगात पण भिनतं, मग अळ्यांच्या आधी कोंबडीच जायची. अळ्या आत फार खोल गेल्या नसतील तर बऱ्याच कोंबड्या वाचतात, पण हे काम उद्यावर ढकलू नका, आत्ता हे वाचून झालं की लगेच टब भरायला घ्या.

टबात कोमट पाणी घ्या आणि तिची मागची बाजू त्यात धरा, एकाने तिला टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचं, दुसऱ्याने धुवायचं. पाण्याने बऱ्याच अळ्या आपोआप बाहेर येतात, राहिलेल्या चिमट्याने एकेक काढायच्या, कंटाळा करायचा नाही, अर्धा तास लागला तर लागू दे. जखमेच्या आजूबाजूची पिसं कात्रीने कापा, उपटू नका, कातडी फाटते. नवीन फुटलेल्या पिसाच्या दांडीत रक्त असतं, ते कापू नका. मग मिठाचं पाणी, म्हणजे 1 लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, सुई काढलेल्या सिरिंजने जखमेत जोरात मारा. खोबणीत आणि कातडीखाली लपलेल्या अळ्या अशाच निघतात, वरवर पुसून काही होत नाही. शेवटी पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखमेवर लावायचं तपकिरी जंतुनाशक, पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा आणि तिला नीट कोरडी करा. हेअर ड्रायर असेल तर अगदी कमी हवेवर, लांबून. ओली ठेवलीत तर माशी परत येणारच.

आणि इथेच बहुतेक जण चुकतात. एकदा धुतलं, अळ्या दिसत नाहीत, झालं काम असं वाटतं. पण पिसांच्या मुळाशी माशीची अंडी चिकटलेली असतात, बारीक पिवळट पांढरे पुंजके, आणि उबेत ती 8 ते 24 तासांत फुटतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ तिला उचलून, पिसं उलटी करून बघायचं. पुढचे चार-पाच दिवस एकही खेप चुकवू नका. मी स्वतः एकदा संध्याकाळची खेप सोडली होती आणि सकाळी जखम परत भरलेली होती, ते अजून डोळ्यासमोर आहे.

तिला घरात, जाळी लावलेल्या खोक्यात ठेवा, खाली भुसा नको, तो जखमेला चिकटतो, जुना स्वच्छ टॉवेल किंवा कागद टाका आणि रोज बदला. पाणी तोंडाजवळ ठेवा, अशक्त कोंबडी उठून प्यायला जात नाही. जखम खोल असेल, किंवा अळ्या गुदद्वारात, पोटाकडे शिरल्या असतील तर वाट न बघता पशुवैद्यकाकडे. दुखण्याचं औषध, अँटिबायोटिक, आयव्हरमेक्टिन (अळ्या-जंत मारायचं औषध) हे कोंबडीचं वजन करून त्यांनीच द्यायचं, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत ते पण त्यांनाच विचारा. घरातल्या आपल्या गोळ्या देऊ नका. पोटाच्या आत अळ्या पोचल्या असतील आणि डॉक्टर म्हणाले हिला शांतपणे जाऊ दे, तर ऐका त्यांचं, तिचे हाल वाचतील.

ती बरी व्हायला लागली की मुळाशी जा. अंडी घालायला माशीला जखमच हवी असं नाही, शिट लागून ओली राहिलेली पिसं सुद्धा पुरतात. मग शिट का चिकटतेय? हगवण, जंत, अंडं अडकणं, उवा, फार जाड झालेली किंवा म्हातारी कोंबडी जिला स्वतःची मागची बाजू चोचीने साफ करता येत नाही, यातलं काहीतरी निघेल. उकाडा आणि दमट हवा असेल त्या दिवसांत बाकीच्या पाच जणींच्या पण शेपट्या रोज उचलून बघा आणि खुराड्यातली ओली घाण राहू देऊ नका.

प्रश्न: मांजराने कोंबडीच्या पाठीवर दात मारलेत, दोनच बारीक छिद्रं आहेत. घरी औषध लावलं तर चालेल का?

उत्तर: छिद्रं बारीक म्हणून फसू नका. मांजराच्या दातातून पाश्चुरेला नावाचे जंतू खोल आत जातात, वरून कातडी मिटते आणि आत पू होतो, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर. तोवर मिठाच्या पाण्याने धुवा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा, हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा ओतू नका, त्याने नवीन येणारी कातडी जळते. आणि तिला बाकीच्यांपासून वेगळं काढाच, लाल दिसलं की त्या चोची मारून मारून जखम मोठी करतात. फक्त जाळीपलीकडे त्यांच्या नजरेसमोर ठेवा, नाहीतर आठवड्याने परत सोडाल तेव्हा परकी समजून तिलाच टोचतील.