युद्धखंडणी की युद्धभरपाई?

प्रश्न असा आहे: स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर 'युद्धखंडणी' लादली असे छापले आहे, दुसऱ्यात 'नुकसानभरपाई'. यातला बरोबर शब्द कोणता?

व्याकरणाने दोन्ही बरोबर. पण हे दोन शब्द भांडणाच्या दोन बाजूंचे आहेत, हे आपली पुस्तके सांगत नाहीत आणि मला ते खटकते.

जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांनी तहात घातलेल्या फ्रेंच शब्दाचा साधा अर्थ 'दुरुस्ती'. उत्तर फ्रान्समधली गावे जमीनदोस्त झाली होती, माघार घेताना जर्मन सैन्याने लांसच्या कोळसा खाणींत पाणी भरून ठेवले होते. मोडले ते भरून द्या, एवढीच मागणी. जर्मनीतले राष्ट्रवादी मात्र याच रकमेला 'ट्रिबूट' म्हणत, म्हणजे मांडलिकाने धन्याला द्यायची खंडणी. तेव्हा 'युद्धखंडणी' लिहिणारा मराठी लेखक नकळत त्यांचाच शब्द उचलतो. शिवाय आज खंडणी म्हटले की डोळ्यांपुढे पोलिसांचे खंडणीविरोधी पथक येते, म्हणजे वसूल करणारा गुन्हेगार हे आधीच ठरून जाते.

जुन्या मराठीत तसे नव्हते. खंडणे म्हणजे ठरवणे, आकडा पक्का करणे. 'शेत खंडाने दिले' यातला खंड तोच. खंडणी म्हणजे दोघांत ठरलेली रक्कम. आणि व्हर्सायला नेमके हेच झाले नाही! २८ जून १९१९ रोजी जर्मनीने सही केली तेव्हा तहनाम्यात एकूण रक्कमच नव्हती. आकडा आला मे १९२१ मध्ये: १३,२०० कोटी सोन्याचे मार्क, म्हणजे सोन्याच्या भावाने मोजलेले जर्मन चलन. त्यातले ८,२०० कोटी बहुतेक कागदावरच राहणार होते, खरी मागणी ५,००० कोटींच्या आसपास होती. म्हणजे जुन्या अर्थानेही १९१९ च्या तहाला 'खंडणी' बसत नाही. ती बसते १८७१ ला. तेव्हा फ्रान्सशी युद्ध जिंकलेल्या जर्मनीने त्याच्यावर ५०० कोटी फ्रँकचा ठोक आकडा बसवला आणि फ्रान्सने तो १८७३ मध्ये मुदतीआधी चुकता केला.

'भरपाई'लाही मी पुरते निर्दोष म्हणणार नाही. ब्रिटनच्या आग्रहाने या रकमेत सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची पेन्शनेही घातली गेली. पडक्या घराची दुरुस्ती आणि पेन्शन एकाच शब्दात कोंबल्यावर तो शब्द ताणला जाणारच.

व्हर्साय तहाच्या कलम २३१ ला मराठीत सर्रास 'युद्धगुन्ह्याचे कलम' म्हणतात. त्या कलमात 'गुन्हा' वा 'दोष' हा शब्दच नाही. झालेल्या हानीची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रांवर, असे त्यात आहे. जर्मनीत मात्र ते 'शुल्ड' म्हणून गाजले, आणि जर्मन भाषेत शुल्ड म्हणजे अपराधही आणि कर्जही. देणे आणि दोष एकाच शब्दात आले की हप्ता भरणाऱ्याला तो दरवेळी कबुलीजबाब वाटतो.

'खंडणीमुळे मार्क कोसळला' हे वाक्यही जपून लिहावे. भरपाई सोन्याच्या मार्कांत होती, छापलेल्या कागदात नव्हे. लाकूड आणि कोळसा थकला म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स-बेल्जियमचे सैन्य जर्मनीच्या रूर या कोळसा-कारखान्यांच्या भागात शिरले, तिथल्या कामगारांनी काम थांबवले, आणि त्यांचे पगार भागवायला बर्लिनने नोटा छापल्या. छपाई युद्धकाळापासूनच चालू होती, आता तिला धरबंध राहिला नाही. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते.

तेव्हा १८७१ साठी 'युद्धखंडणी' खुशाल लिहा. १९१९ साठी 'युद्धहानीची भरपाई' लिहा, आणि जर्मन राष्ट्रवाद्यांचे म्हणणे सांगताना 'खंडणी' अवतरणचिन्हांत घाला. भरपाईचा आणखी एक जुना अर्थ आहे: सगळी रक्कम पोचल्याची पावती. ही रक्कम फेडण्यासाठी जर्मनीने १९२४ आणि १९३० मध्ये काढलेल्या कर्जरोख्यांचे उरलेसुरले व्याज ३ ऑक्टोबर २०१० रोजी फिटले. त्या अर्थाची भरपाई त्या दिवशी झाली.